एकशे एकोणतिसावा

२ डिसेंबर १९६३. शिकागोत एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे, संघ कॉलेजांतले खेळाडू निवडायला बसले होते. अॅनापोलिसच्या नौदल अकादमीचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅक त्याच हंगामात हाइजमन ट्रॉफीचा मानकरी ठरला होता. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळतो तो हा मान. त्याचं नाव पुकारलं गेलं दहाव्या फेरीत. क्रमांक १२९.

त्याच्या खेळाबद्दल कुणाला शंका नव्हती, अडचण कॅलेंडरची होती. पदवीला दीड वर्ष बाकी, पुढे नौदलात चार वर्षं. डॅलस काउबॉइजनी केलेला सौदा म्हणजे आज बुकिंगचे पैसे भरायचे आणि फ्लॅटचा ताबा १९६९ साली; त्यात बिल्डर युद्धावर निघालेला.

*

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना एवढं पुरे. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. चेंडू त्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्यानं बघायचं. बाकीचे दहा जण त्याच्यासाठी धक्के खातात.

*

अमेरिकेत या दर्जाचं फुटबॉल खेळणाऱ्या लष्करी अकादम्या तीन. भूदलाची वेस्ट पॉइंट १८०२ची, नौदलाची अॅनापोलिस १८४५ची आणि कोलोरॅडोतली हवाई दलाची १९५४ची. मैदानावर त्यांची नावं आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स. फी नाही, उलट थोडाफार पगार. बदल्यात आज पदवीनंतर निदान पाच वर्षं सक्रिय सेवा.

या कराराची खरी सही प्रवेशाच्या वेळी होत नाही, ती तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर होते. तोवर पोरगा सामान उचलून घरी गेला तरी देणं-घेणं काही नाही. अॅनापोलिसवाले या सहीला ‘टू फॉर सेव्हन’ म्हणतात : दोन वर्षं झाली, आता उरलेली दोन आणि सेवेची पाच मिळून सात लिहून द्या. क्वार्टरबॅक साधारण याच सुमारास संघात पक्का होतो. म्हणजे वर्तमानपत्रांत नाव झळकायला लागतं आणि समोर कागद येतो. मोठ्या कॉलेजांचे प्रशिक्षक वाटच बघत असतात.

तरीही बहुतेक जण सही करतात. का करतात, याची उत्तरं मुलाखतींतून मिळतात ती सगळी एकसारखी आणि पाठ केल्यासारखी असतात. माझा अंदाज असा की दोन वर्षं एका खोलीत, एका शिस्तीत काढलेल्या पोरांना सोडून जाण्याची लाज देशभक्तीपेक्षा जास्त काम करत असावी.

*

अॅनापोलिसचं पहिलं वर्ष. बँक्रॉफ्ट हॉल नावाच्या एकाच अवाढव्य वसतिगृहात सगळी अकादमी राहते. पहिल्या वर्षाच्या पोरांनी बोळातून चालायचं नाही; मधोमध धावायचं, कोपऱ्यावर काटकोनात वळायचं आणि वळताना ओरडायचं, ‘बीट आर्मी, सर!’ शनिवारी तीस हजार लोकांपुढे टचडाउन करणारा पोरगाही पहिल्या वर्षाचा असेल तर सोमवारी सकाळी त्याच बोळात ओरडत काटकोनात वळतो. बाहेर तारा, आत ‘प्लीब’, म्हणजे पहिल्या वर्षाचा. इतर विद्यापीठांत क्वार्टरबॅकला वेगळी खोली, वेगळं जेवण, गाडी. इथे त्याचं अंथरूणही तपासलं जातं.

*

स्टॉबॅक सिनसिनाटीचा. प्रवेशासाठी इंग्रजीचे गुण कमी पडले म्हणून एक वर्ष न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलच्या लष्करी शाळेत काढलं, मग १९६१ला अॅनापोलिस. दुसऱ्या वर्षी म्हणजे १९६२च्या हंगामात तो आधी बाकावरच होता. कॉर्नेलविरुद्ध उठून आला, नेव्हीनं तो सामना ४१-० असा मारला आणि त्यानंतर त्याला परत बसवायची कुणाची छाती झाली नाही.

त्याची खासियत पळण्यात होती, पण पुढे पळण्यात नव्हे. समोरचे अंगावर आले की हा मागे पळायचा, दहा यार्ड, पंधरा यार्ड, डावीकडून उजवीकडे, आणि सगळे दमले की शांतपणे चेंडू फेकायचा. प्रशिक्षक वेन हार्डिन यांनी हे मोडून काढायचा प्रयत्न केला नाही, हे त्यांचं मोठेपण. शिस्तीच्या कारखान्यातला सर्वांत गाजलेला क्वार्टरबॅक योजना फिसकटल्यावर खुलायचा.

*

वैद्यकीय तपासणीत निघालं की स्टॉबॅकला लाल आणि हिरवा नीट ओळखू येत नाहीत. रात्री समुद्रात समोरून येणाऱ्या जहाजाचा डावा दिवा लाल असतो, उजवा हिरवा. त्यावरून ते कुठल्या बाजूला चाललंय ते कळतं. ज्याला हे दोन दिवे सारखे दिसतात त्याला जहाजाच्या ब्रिजवर उभं करता येत नाही. म्हणून त्याची रवानगी पुरवठा विभागात. मैदानावर मात्र निळ्या आणि काळ्या गणवेशांच्या गर्दीत आपला माणूस त्याला चाळीस यार्डांवरून दिसायचा.

*

१९६३चा आर्मी–नेव्ही सामना. हा दरवर्षीचा शेवटचा, दोन्ही अकादम्यांच्या लेखी बाकी सगळ्या हंगामाहून मोठा. केनेडी स्वतः नौदलातले; अध्यक्ष म्हणून आधीची दोन वर्षं ते सामन्याला आले होते, आणि अर्धा वेळ एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला बसले होते. २२ नोव्हेंबरला डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. सामना रद्द व्हायचीच चिन्हं होती. जॅकलिन केनेडींच्या आग्रहावरून तो आठवडाभर पुढे ढकलून ७ डिसेंबरला फिलाडेल्फियात घ्यायचं ठरलं.

‘लाइफ’ साप्ताहिकानं स्टॉबॅकचं मुखपृष्ठ तयार ठेवलं होतं. छपाई सुरू असताना बातमी आली. मुखपृष्ठ काढून केनेडींचा फोटो लावला गेला. स्टॉबॅकवाल्या थोड्या प्रती तेवढ्या वाचल्या.

*

त्या सामन्याबद्दल लिहिणारे स्टॉबॅकपासून सुरू करतात. मला तो सामना रॉली स्टिचवेचा वाटतो. आर्मीचा क्वार्टरबॅक.

शेवटच्या सत्रात नेव्ही २१-७. तिन्ही टचडाउन पॅट डॉनलीचे. मग स्टिचवे चेंडू घेऊन स्वतःच आत घुसला : टचडाउन. त्यावर मिळणारे जादा दोन गुणही त्यानंच पळून काढले. २१-१५. आर्मीनं पुढची किक मुद्दाम आखूड मारली आणि चेंडूवर झडप कुणी घातली? स्टिचवेनंच. तिथून तो संघाला ढकलत ढकलत नेव्हीच्या गोलरेषेपाशी घेऊन आला. चेंडू दोन यार्डांवर. लाखाचा आरडाओरडा असा की मागच्या पोरांना खुणेचा आकडा ऐकू येईना. त्यानं पंचांकडे हात केला, थोडी शांतता मिळेल का म्हणून. घड्याळ चालू राहिलं. आर्मीला शेवटचा प्रयत्न करायला मिळालाच नाही.

स्टॉबॅक त्या वेळी बाजूला उभा राहून बघत होता. चेंडू आर्मीकडे असताना त्याला काही काम नव्हतं.

*

त्याच सामन्यात सीबीएसच्या टोनी व्हर्ना या दिग्दर्शकानं टेपचं एक अगडबंब यंत्र मैदानावर नेलं होतं. दिवसभर ते धड चाललं नाही. शेवटी चाललं ते स्टिचवेच्या टचडाउनला. तेच दृश्य लगेच पुन्हा पडद्यावर आलं, तेव्हा समालोचक लिंडसे नेल्सनला ओरडून सांगावं लागलं की हे पुन्हा दाखवतोय, आर्मीनं आणखी एक टचडाउन केलेलं नाही. टीव्हीवरचा पहिला इन्स्टंट रिप्ले. आज क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाकडे बोट करून चौकोन काढतात त्याचं मूळपुरुषपद एका हरलेल्या संघाच्या क्वार्टरबॅककडे जातं.

पुढच्या वर्षी स्टिचवेनं परतफेड केली, ११-८. आर्मीचा सहा वर्षांतला पहिला विजय. स्टॉबॅक त्या हंगामात पायाच्या दुखापतीनं अर्धाच होता. मग दोघंही व्हिएतनामला गेले, आणि पुढे आयुष्यभराचे मित्र झाले.

*

अॅनापोलिसला स्टीव्ह बेलिचिक नावाचे सहायक प्रशिक्षक होते. त्यांचा दहा-बारा वर्षांचा मुलगा सरावाला मैदानावर यायचा आणि सराव संपल्यावर स्टॉबॅक त्याच्याशी चेंडू टाकत बसायचा. मुलाचं नाव बिल. पुढे न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा प्रशिक्षक म्हणून त्यानं सहा सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले.

*

व्हिएतनाममध्ये स्टॉबॅक चू लाईला होता. काम पुरवठ्याचं. बंदरात माल उतरवून घेणे, नोंदी, वाटप. काउबॉइजकडून त्याला फुटबॉल पाठवले जायचे, हात सुटू नये म्हणून. अमेरिकेत परतल्यावर पेन्साकोलाच्या नौदल तळाच्या संघाकडून खेळला. सुटी टाकून डॅलसच्या सराव शिबिराला जाऊन आला. १९६९ साली एनएफएलमध्ये आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा नवशिका. त्या वयात बाकीच्यांची निम्मी कारकीर्द उरकलेली असते.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं : दोन सुपर बोल, त्यातल्या पहिल्यात सामन्याचा मानकरी, १९७५चा मिनेसोटाविरुद्धचा तो शेवटच्या क्षणी आकाशात भिरकावलेला पास. आणि मग भाषणांत सांगितलं जातं की नौदलानं त्याला घडवलं. घडवलं असेल. पण उमेदीची चार वर्षं गेली, ती गेलीच. त्याच्या एकट्याच्या यशावर बोट ठेवून पन्नास वर्षं बाकीच्यांना धीर दिला जातो. स्टॉबॅकनंतर आजतागायत अकादमीचा एकही क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक म्हणून टिकलेला नाही, हे त्याच भाषणात सांगायचं राहून जातं.

*

डॉन होलेडर. वेस्ट पॉइंट. १९५४ला ‘एंड’ या जागेवर, म्हणजे पास झेलणारा म्हणून, देशातल्या सर्वोत्तमांत निवडला गेला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांच्याकडे क्वार्टरबॅक उरला नाही. त्यांनी होलेडरला बोलावून सांगितलं की आता तू. डावखुरा, फेकायची सवय नाही, आणि शेवटचं वर्ष. नाव झालेली जागा सोडून नवी जागा घ्यायची तर पुन्हा सर्वोत्तमांत निवड होण्याची आशा सोडायची. त्यानं घेतली. संघ मिशिगनकडून सडकून हरला, वर्तमानपत्रांनी ब्लेकना वेड्यात काढलं. हंगामाच्या शेवटी आर्मीनं नेव्हीला १४-६ हरवलं.

न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला निवडलं होतं. तो लष्करातच राहिला. १७ ऑक्टोबर १९६७ला व्हिएतनाममध्ये ओंग थान्ह इथे एक अमेरिकन बटालियन जंगलात सापळ्यात अडकली. मेजर होलेडर ब्रिगेडचा ऑपरेशन्स अधिकारी, हेलिकॉप्टरमधून वरून बघत होता. खाली उतरवा म्हणाला. उतरून जखमींच्या दिशेनं पळत सुटला आणि गोळी लागून गेला. वय तेहतीस.

याच्यावरून कुणी खेळ आणि युद्ध यांची सांगड घालायला लागलं की मला राग येतो. मैदानावर पळत सुटणारा माणूस तिथेही पळत सुटला हे खरं. पण मैदानावर त्याच्यासमोर जे होते ते सामना संपल्यावर हात मिळवणार होते.

*

क्वार्टरबॅक निवडण्याची ती वेळ ब्लेकवर आधीही एकदा आली होती. १९५१च्या उन्हाळ्यात वेस्ट पॉइंटमधून नव्वद कॅडेट काढले गेले. त्यांतले सदतीस फुटबॉलचे. कॅडेटांच्या दोन तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या दिवशी दिली जायची. आज लिहून आलेल्यानं उद्या लिहिणाऱ्याला प्रश्न सांगायचे, एवढाच प्रकार. आपल्याकडे त्याला पेपरफुटी म्हणायलाही कुणी तयार होणार नाही. पण तिथला नियम असा की कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि तसं करणाऱ्याला पाठीशीही घालणार नाही. या शेवटच्या कलमात बरेच जण अडकले. स्वतः कॉपी केली नव्हती, मित्राचं नाव सांगितलं नव्हतं.

काढलेल्यांत संघाचा क्वार्टरबॅक होता बॉब ब्लेक. प्रशिक्षकांचा मुलगा.

बाप राजीनामा द्यायला निघाला होता. जनरल मॅकआर्थरनी समजूत घातली आणि ते थांबले. त्या हंगामात आर्मीनं दोन सामने जिंकले, सात हरले, नेव्हीकडून ४२-७.

*

आता त्या डावपेचाबद्दल, ज्याच्याशिवाय अलीकडच्या अकादमी क्वार्टरबॅकची कारकीर्द समजतच नाही. ट्रिपल ऑप्शन.

अकादमीला दीडशे किलोचे धिप्पाड गडी मिळत नाहीत. पदवीच्या वेळी वजनाच्या नियमात बसावं लागतं. त्यांचे पुढच्या फळीतले खेळाडू शेवटचा सामना संपला की खाणं कमी करून पळायला लागतात. मग धटिंगणांना अडवायचं कसं? उत्तर : सगळ्यांना अडवायचंच नाही. समोरच्या दोघांना मोकळं सोडायचं आणि त्यांनाच पेचात टाकायचं.

चेंडू हातात येतो. क्वार्टरबॅक एक पाऊल टाकून तो पळत येणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी नेतो. देत नाही, सोडतही नाही. दोघांचे हात एकाच चेंडूवर आहेत आणि दोघंही चालत्या पायांवर. नजर चेंडूकडे नाही, मोकळ्या सोडलेल्या पहिल्या गड्याच्या खांद्यांकडे. तो फुलबॅकवर वळला तर चेंडू पोटातून ओढून घ्यायचा आणि स्वतः बाहेरच्या बाजूनं पळायचं. तो जागेवर थांबला तर सोडून द्यायचा. ओढून घेतला तर चार पावलांवर दुसरा मोकळा गडी. तो अंगावर आला की बाजूनं धावणाऱ्या तिसऱ्याकडे चेंडू टाकायचा, आणि टाकून झाल्यावर त्या गड्याचा धक्का छातीवर घ्यायचा. सगळं मिळून दोन सेकंद. हे सामन्यात पन्नास वेळा. चेंडू फेकणं जवळजवळ नाहीच.

फुलबॅकच्या पोटाशी चेंडू दोघांच्या हातांत असतो त्या क्षणाला ते ‘मेश’ म्हणतात. वर्षानुवर्षं, रोज सरावाच्या सुरुवातीला, फक्त मेश. त्याला टाळ्या नाहीत. चुकला तरच दिसतो.

*

पॉल जॉन्सन २००२ला अॅनापोलिसचे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा हा डावपेच बाकी सगळीकडे अडगळीत गेला होता. पहिल्या वर्षी दोन विजय, दहा पराभव. मात्र त्या दोनांत आर्मी होती. तिथून आर्मीविरुद्ध सलग चौदा वर्षं. जॉन्सन गेले, केन निउमाटालोलो आले, मालिका चालूच. त्या चौदा वर्षांत वेस्ट पॉइंटला शिकून बाहेर पडलेल्या पोरांच्या अनेक तुकड्यांना नेव्हीला हरवणं कसं असतं ते कळलंच नाही.

*

त्यांच्यातला एक ट्रेंट स्टीलमन. आर्मीचा क्वार्टरबॅक, पहिल्या वर्षापासून खेळलेला, पंचेचाळीस सामने. तीनदा नेव्हीकडून हरून २०१२च्या शेवटच्या सामन्याला आलेला. समोर नेव्हीकडून पहिल्या वर्षाचा पोरगा, कीनन रेनल्ड्स, नॅशव्हिलकडचा; हंगामाच्या मध्यात पहिल्या क्वार्टरबॅकला दुखापत झाली म्हणून आत आलेला. या दोघांत न्याय कुणाच्या बाजूनं होता हे विचारूच नका.

रेनल्ड्सनं शेवटची पाच मिनिटं उरलेली असताना आठ यार्ड पळून टचडाउन केलं. नेव्ही १७, आर्मी १३. मग स्टीलमननं आर्मीला नेव्हीच्या चौदा यार्डांपर्यंत आणलं. मिनिटभर शिल्लक. चेंडू हातात, एक पाऊल, फुलबॅकच्या पोटाशी... आणि तिथेच सुटला. मेशवर. चार वर्षांत हजारो वेळा केलेली गोष्ट. चेंडूवर नेव्हीचा माणूस पडला.

स्टीलमन बाजूला येऊन ढसाढसा रडला. लष्करप्रमुख जनरल रे ओडिअर्नो, साडेसहा फुटांचा टकला धिप्पाड माणूस, त्याला जवळ घेऊन उभा राहिला. हा सामना आपल्याकडे रविवारी उत्तररात्री, दीडच्या सुमाराला सुरू होतो. इतक्या उशिरापर्यंत जागून दुसऱ्याच देशातल्या पोराचं रडणं बघत बसायचं कारण घरच्यांना सांगता येत नाही.

*

सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्यांच्या विद्यार्थ्यांपुढे जाऊन उभे राहतात, त्यांचं अकादमीगीत म्हणतात, मग जिंकलेल्यांचं. म्हणून तिथे ‘जिंका’ असं म्हणत नाहीत, ‘दुसऱ्यांदा गा’ म्हणतात. स्टीलमन चारही वर्षं पहिल्यांदा गायला.

*

रेनल्ड्सचे आकडे बघू. २०१३च्या हंगामात ३१ टचडाउन पळून. क्वार्टरबॅकसाठी तोवरचा विक्रम. त्यातली सात एका सामन्यात, सॅन होजे स्टेटविरुद्ध, तीन जादा डावांनंतर ५८-५२. चार वर्षांत ८८ टचडाउन, ४,५५९ यार्ड. आर्मीला चारही वर्षं हरवणारा पहिला क्वार्टरबॅक. २०१५ला संघाचे अकरा विजय आणि हाइजमनच्या मतदानात हा पाचवा.

आणि बाजारभाव? २०१६ला बाल्टिमोर रेव्हन्सनं सहाव्या फेरीत घेतला, १८२वा. तेही पास झेलणारा म्हणून, जे काम त्यानं कॉलेजात कधी केलंच नव्हतं. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक उंच लागतो, उभ्या जागी चेंडू फेकणारा लागतो. दोन सेकंदांत दोन माणसांचे खांदे वाचण्याच्या कलेला तिथे गिऱ्हाईक नाही. चार वर्षं त्याला ज्या कामात तरबेज केलं ते काम जगात आणखी मोजक्याच ठिकाणी चालतं, आणि त्यातली दोन त्याची हाडवैरी. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला एनएफएलचे सामने आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

*

या प्रकरणातला सरकारी गोंधळ स्वतंत्र टिपणाच्या लायकीचा आहे. २०१६ला संरक्षणमंत्री अॅश कार्टर यांच्या काळात रेनल्ड्ससारख्यांना सवलत मिळाली : आधी व्यावसायिक खेळा, सेवा राखीव दलातून करा. २०१७ला मॅटिस आले, सवलत रद्द. आधी दोन वर्षं सक्रिय सेवा. २०१९ला ट्रम्पनी पुन्हा दार उघडलं. २०२२च्या अखेरीस काँग्रेसनं ते कायद्यानंच लावून घेतलं, आणि वेस्ट पॉइंटचा एक खेळाडू ऐन निवडीच्या तोंडावर अडकला म्हणून आधी दाखल झालेल्यांपुरतं पुन्हा किलकिलं केलं. विसाव्या वर्षी सही करणाऱ्या पोरानं बाविसाव्या वर्षीचा नियम कुठला धरायचा?

माझं मत विचाराल तर सवलत नसावी. पण नसेल तर ती कुणालाच नसावी, आणि सामन्याच्या दिवशी टीव्हीवर त्याग-त्याग करून जाहिराती विकणंही थांबावं.

*

जाहिरातींवरून. २०२१पासून अमेरिकेत कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा विकून पैसे कमवायची मुभा आहे. मोठ्या कॉलेजांच्या क्वार्टरबॅकची कमाई लाखो डॉलरांत जाते. अकादमीच्या पोरांना ती मुभा नाही. ते सरकारी नोकर. त्यांच्या चेहऱ्यावर सैन्य भरतीच्या जाहिराती करतं ते वेगळं.

*

एअर फोर्सचा क्वार्टरबॅक डी डाउइस. १९८९ला हाइजमनमध्ये सहावा. वजन सत्तर किलोच्या आत-बाहेर. त्याचा त्या काळचा फोटो बघितला तर हा संघाचं पाणी आणणारा असावा असं वाटतं.

*

ट्रिपल ऑप्शनची घरघर नियमांमुळे लागली. अडवताना समोरच्याच्या कमरेखाली घुसणं हे छोट्या गड्यांचं मुख्य हत्यार. गुडघे मोडतात म्हणून २०२२ला मैदानाच्या बाहेरच्या भागात त्यावर बंदी आली. नियम योग्यच आहे, गुडघे कुणाचेही असोत. पण अकादम्यांची पंचाईत झाली. आर्मीनं २०२३ला क्वार्टरबॅकला मागे उभं करून नवा प्रकार करून पाहिला, जमलं नाही, पुढच्या वर्षी जुन्याकडे बरंचसं परतले.

आणि मग २०२४. आर्मीचा ब्रायसन डेली, क्वार्टरबॅक कमी आणि बुलडोझर जास्त. ३२ टचडाउन पळून; रेनल्ड्सचा विक्रम एका टचडाउननं मोडला. आर्मीनं आयुष्यात पहिल्यांदा कुठल्याशा गटाचं विजेतेपद मिळवलं, डेली हाइजमनच्या मतदानात सहावा. सगळं वर्ष आर्मीचं. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी समोर नेव्ही. डेलीचे तीन पास नेव्हीनं झेलले. नेव्हीच्या ब्लेक होर्वाथनं एकट्यानं २०४ यार्ड पळून काढले. ३१-१३.

दोन आठवड्यांनी आर्मीनं लुइझियाना टेकला २७-६ हरवून हंगाम बाराव्या विजयानं संपवला. एका हंगामात बारा विजय वेस्ट पॉइंटनं आधी कधीच मिळवले नव्हते. पण त्यांच्यातल्या कुणाला विचारा, तो आधी ३१-१३च सांगेल.